केल्म्सकॉटचं दगडी शेतघर: आधी छप्पर बघा

थेम्सकाठी

मंडळी, ऑक्टोबरात एक घर बघून आले आणि तेव्हापासून मान वर करून चालायची सवय लागली आहे. कुठल्याही गावात शिरलं की आधी छप्परं बघते. नवरा म्हणतो, एक दिवस धडपडशील. त्या घराबद्दल लिहिते.

ऑक्सफर्डशरच्या पश्चिम टोकाला, जिथे थेम्स अजून ओढ्याची मोठी बहीण वाटते, तिथे केल्म्सकॉट नावाचं एवढंसं गाव आहे. लेचलेडला उतरायचं आणि नदीकाठच्या पायवाटेने तास-सव्वा तास चालायचं. गावाच्या कडेला झाडांमागून टोकदार गेबलं, म्हणजे उतरत्या छपराखालच्या त्रिकोणी भिंती, दिसू लागतात, तेच केल्म्सकॉट मॅनर. वेलबुट्टीच्या वॉलपेपरसाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम मॉरिसने हे घर १८७१ मध्ये भाड्याने घेतलं आणि १८९६ मध्ये मरेपर्यंत सोडलं नाही. येणारे बहुतेक लोक मॉरिससाठी येतात. आमच्या घरातूनही एकजण त्याच्यासाठीच आला होता.

पण मॉरिस इथे आला तेव्हा घराला पावणेतीनशे वर्षं होत आली होती. १६००च्या आसपास ते बांधलं टर्नर नावाच्या शेतकरी कुटुंबाने. 'मॅनर' हे भारदस्त नाव एकोणिसाव्या शतकात चिकटलं. त्याआधी लोक त्याला लोअर फार्म म्हणत, आणि मला तेच नाव जास्त पटलं. कारण हे घर जहागीरदाराचं दिसतच नाही. दिसतं ते हातात चार पैसे खेळू लागलेल्या शेतकऱ्याचं.

भिंती इथल्याच चुनखडीच्या, अनघड दगडांच्या. घडीव दगड फक्त कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या चौकटींना, म्हणजे पैसा लागेल तिथेच खर्च केलेला. कॉट्सवोल्ड, म्हणजे हा टेकड्यांचा मुलूख, म्हटलं की पर्यटन खात्याच्या पत्रकातला मधाळ पिवळा रंग डोळ्यांपुढे येतो, पण इथला दगड करड्याकडे झुकणारा आहे. खिडक्यांमध्ये दगडाचेच उभे दांडे आणि त्यांच्यामध्ये काचेचे छोटे तुकडे. १६६०च्या दशकात टर्नरांची भरभराट झाली, तेव्हा त्यांनी ईशान्येला एक नवी बाजू जोडली. तिथली दालनं उंच आहेत आणि वरच्या गेबलमधल्या खिडक्यांवर ग्रीक देवळाच्या माथ्यासारखे चिमुकले त्रिकोण बसवले आहेत. शहरातली नवी फॅशन कुणीतरी पाहून आलं असणार! या भागाच्या भिंतींवर पोळीला लोणी फासावं तसा पातळ गिलावा होता, आणि तो विरून विरून दगडाच्याच रंगाचा झाला, असं मॉरिसने लिहून ठेवलंय.

आणि छप्पर. तेही दगडाचंच. वेल्सची काळी गुळगुळीत पाटी नव्हे, थरांत फुटणाऱ्या चुनखडीची जाड, खडबडीत कौलं. सगळ्यात मोठी वळचणीला, मग वर जाता जाता लहान लहान होत आढ्याशी तळहाताएवढी. १८९५ मध्ये या घराविषयी लिहिताना मॉरिसने माशाच्या खवल्यांची आणि पक्ष्याच्या पिसांची उपमा दिली. मी अंगणात उभी राहून नवी उपमा शोधत होते, सापडली नाही. मात्र हे शोभेसाठी केलेलं नाही. खाणीतून सगळ्या मापाचा माल निघतो आणि तो वाया कोण घालवणार? जड कौलं भिंतीजवळ ठेवली तर वाशांना सोपं जातं. शिवाय वरून वाहत आलेलं सगळं पाणी वळचणीशी गोळा होतं, तिथे कौल मोठं असलं की सांधे कमी. कौलाला वरच्या बाजूला एक भोक, त्यात ओकच्या लाकडाची खुंटी, आणि खुंटी आतल्या रिपेवर अडकवलेली. एवढ्यावर हा सगळा डोलारा लटकलेला असतो.

आत गेल्यावर आमच्या सासूबाईंना घर एकदम ओळखीचं वाटलं, कारण वरच्या मजल्यावर बोळच नाही. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. मॉरिसची झोपायची खोली ओलांडल्याशिवाय टॅपेस्ट्रीच्या, म्हणजे विणलेल्या चित्रपडद्यांच्या, दालनात जाता येत नाही. बैठकीशेजारी पलंग पाहून काही पाहुणे कसे अवघडून जातात, याची त्याने मजा घेतली आहे. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या माजघरासारखंच की. रात्री पाणी प्यायला उठलं की सगळं घर जागं."

पोटमाळ्यावर वासे उघडे आहेत. ओकच्या वाकड्यातिकड्या तुळया, झाड जसं वाढलं तशाच वापरलेल्या. मी तिथे बराच वेळ बसले. शेवटी खालून हाका आल्या.

---

टवाळ

पहिला! फोटोंशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय वरण. आणि बागेत तिघांना शेजारी शेजारी बसता येईल असा संडास आहे म्हणतात, त्याबद्दल चकार शब्द नाही?

---

थेम्सकाठी

आहे आहे. तीन भोकांची लाकडी फळी, रांगेत. मी मुद्दाम वगळला होता, पण तुम्ही असल्यावर काय लपून राहणार. फोटो चढत नाहीयेत, संपादकांना विचारलं आहे.

---

भूगर्भ

छान लिहिलंयस ताई. दगडाबद्दल थोडी भर घालतो, पोटापाण्याचा विषय आहे.

ही चुनखडी ज्युरासिक काळातली, साधारण १६-१७ कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा इथे उथळ, कोमट समुद्र होता. लाटांबरोबर गडगडणाऱ्या बारीक कणांवर चुन्याचे थर चढत गेले आणि खसखशीएवढे गोल दाणे झाले. भिंगातून पाहिलं तर दगड माशाच्या अंड्यांसारखा दिसतो, म्हणून त्याला ओओलाइट म्हणतात. खाणीतून ताजा काढलेला दगड मऊ असतो. हवेवर वाळला की टणक होतो. त्यामुळे घडवायचा तो लवकर.

कौलांचा दगड वेगळा, वाळूमिश्रित आणि पातळ थरांचा. त्यासाठी ऑक्सफर्डच्या वायव्येचं स्टोन्सफील्ड गाव प्रसिद्ध होतं. तिथे दगड छिन्नीने चिरत बसायचे नाहीत, ते काम थंडी करायची. शरद ऋतूत ढेपा बाहेर काढायच्या, मातीखाली झाकून ओल्या ठेवायच्या. एकदा ढेप वाळली की संपलं, मग ती फुटत नाही. कडाक्याची थंडी पडली की ढेपा उघड्या करून पाणी मारायचं. पाणी थरांत शिरून गोठतं, फुगतं, आणि ढेप पुस्तकासारखी पानापानांनी उघडते. रात्री अचानक गारठा वाढला तर चर्चची घंटा वाजवून गाव उठवायचे, असं तिथले लोक सांगतात. हिवाळा सौम्य गेला की कौलांचं वर्ष बुडालं.

आणि बोनस: भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बकलंडने १८२४ मध्ये ज्या मेगालोसॉरसचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्याची हाडं याच स्टोन्सफील्डच्या खाणीतली. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनासोर, आणि 'डायनासोर' हा शब्द जन्माला यायला अजून १८ वर्षं होती. जबडा ऑक्सफर्डच्या म्युझियममध्ये आहे, पोरांना जरूर दाखवा.

---

गवाक्ष

घंटेची गोष्ट आवडली. कौलांच्या मापांना कारागिरांची नावंही मजेशीर असतात. एका मापाला चक्क 'बॅचलर' म्हणतात, त्यातही लांब बॅचलर आणि आखूड बॅचलर.

---

टवाळ

आमच्या होस्टेलच्या छपराखालीही दोन्ही मापांचे होते.

---

अस्सल_शंकासुर

लेख चांगला, पण नेहमीचा प्रश्न विचारतो. 'शेतकऱ्याचं घर' म्हणून आपण जे कौतुक करतोय तो शेतकरी कोण? सालदार, मजूर यांच्या मातीच्या झोपड्या कधीच जमीनदोस्त झाल्या. दगडाची टिकली, म्हणून आपल्याला वाटतं की त्या काळी सगळा इंग्लंड दगडी घरात रहात होता. टर्नर हे बडे कुळ असणार. आपल्याकडे पाटलाचा वाडा बघून 'खेड्यातलं साधं घर' म्हणण्यासारखं आहे हे.

---

गवाक्ष

शंकासुर, मुद्दा शंभर टक्के बरोबर. टर्नर हे योमन वर्गातले, म्हणजे स्वतःच्या अंगमेहनतीवर आणि गड्यांवर शेती वाढवलेले. याच वर्गाचा तो सुगीचा काळ होता. धान्याचे आणि लोकरीचे भाव चढत होते, पण ज्यांचे खंड जुन्या कराराने बांधलेले होते त्यांना वाढीव काही द्यावं लागत नव्हतं. फरक खिशात राहिला आणि तो घरात घातला गेला. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ मध्ये याला 'मोठी पुनर्बांधणी' म्हटलं, १५७० ते १६४० हा काळ धरून. पुढच्या अभ्यासकांनी त्या तारखा बऱ्याच ताणल्या. भागाभागांत फरक आहे, पण कल्पना टिकून आहे.

आणि यात खरा बदल झाला तो धुराड्याने. त्याआधीच्या घरात मधोमध आगटी, वर छपरापर्यंत सगळं मोकळं, धूर वाट मिळेल तिथून बाहेर. धूर वर साठतो म्हटल्यावर वरचा मजला करणार कसा? दगडी धुराडं आलं आणि धूर नळीतून जाऊ लागला, मग मध्ये तक्तपोशी घालता आली, वर खोल्या झाल्या, जिने आले. चूल भिंतीत गेली तेव्हा कोनाडा एवढा मोठा ठेवला की आत बाक टाकून बसता येतं. थेम्सकाठी यांना वरच्या मजल्यावर बोळ दिसला नाही, त्याचं कारणही यातच असावं. वरचा मजला हीच नवलाई होती, एकांताची कल्पना मागाहून आली.

सरकारनेही हे ताडलं. १६६२ पासून दर चुलीमागे वर्षाला २ शिलिंग कर. कर वसूल करणारा घरात शिरून चुली मोजायचा म्हणून लोक इतके वैतागले की १६८९ मध्ये तो रद्द झाला. मग १६९६ ला खिडक्यांवर बसवला, कारण खिडक्या रस्त्यावरून मोजता येतात! तो चालला थेट १८५१ पर्यंत.

---

लिंकनची_काकू

आमच्याकडे लिंकनशरला याच जातीचं घर आहे, ग्रँथमजवळचं वुल्सथॉर्प मॅनर. नावात मॅनर, प्रत्यक्षात मेंढ्या आणि धान्याचं शेतघर, चुनखडीचंच. १६४२ च्या नाताळात, जुन्या कॅलेंडरने, न्यूटन तिथे जन्मला. प्लेगमुळे केंब्रिज बंद पडल्यावर तो १६६५ मध्ये घरी परतला. सफरचंदाचं झाडही आहे अंगणात. १८२० च्या वादळात आडवं झालं आणि तिथूनच पुन्हा फुटलं.

भिंतींकडे तिरप्या उजेडात बघा. २०१७ मध्ये तिथे चुलीजवळ पवनचक्कीचं कोरलेलं बारीक चित्र सापडलं, बहुधा पोरसवदा न्यूटनचं. आणि जुन्या शेतघरांत चूल, दार, खिडकी अशा 'आत येण्याच्या' जागांवर कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं आणि एकात एक अडकलेले दोन व्ही सापडतात. करणी-चेटूक आत येऊ नये म्हणून. मी पाहिलं तेव्हा हसू आलं. घरी आल्यावर आमच्या गाडीला लटकलेली लिंबू-मिरची दिसली.

---

ओलसर

या धाग्यावर माझं रडगाणं चालेल का? आम्ही सायरन्सेस्टरच्या बाजूला दोन वर्षांपूर्वी एक जुनं दगडी घर घेतलं. ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीतलं, भिंती पावणेदोन फूट जाड. एजंट म्हणाला 'कॅरॅक्टर आहे'. ते आता कळतंय. उत्तरेच्या भिंतीला आतून कायम ओल, कपाटामागे बुरशी, पुस्तकं गेली. एका गवंड्याला बोलावलं, त्याने बाहेरून सगळे सांधे उकरून छान घट्ट सिमेंट भरून दिलं आणि आतून वॉटरप्रूफ रंग. भरपूर पैसे घेतले. या हिवाळ्यात ओल दुप्पट. वर दगडांचे पापुद्रे निघायला लागलेत, सांधा शाबूत आणि दगड आत गेलेला!

---

चुनेवाला

ओलसर, वाईट वाटलं वाचून, पण अगदी पाठ्यपुस्तकातली केस आहे. मी पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. आमचा दगड काळा बेसाल्ट, तुमची चुनखडी, पण सिमेंटने केलेली वाट दोघांची सारखीच.

जुन्या भिंतीत पोकळी नसते, खाली ओलाव्याला अडवणारा थर नसतो. ती पावसात पाणी पिते आणि वाऱ्याला परत देते. हे देणं-घेणं मुख्यतः सांध्यांतून चालतं, कारण चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. झीज व्हायची ती त्याचीच व्हावी अशी योजना आहे. पन्नास-शंभर वर्षांनी सांधा भरायचा, दगड तसाच. तुम्ही सांधा दगडाहून कठीण केलात. आता पाण्याला बाहेर पडायला दगडाचं अंगच उरलं. बरोबर क्षार आले, वर थंडीत ते पाणी गोठतं. भूगर्भ यांनी सांगितलेली कौलं फोडायची युक्ती तुमच्या भिंतीवर चालू आहे, फुकट.

आतला रंग म्हणजे रेनकोट घालून घाम गाळणं. आधी तो काढा.

गंमत अशी की पोर्टलंड सिमेंटचं पेटंटही १८२४ चंच. डायनासोरला नाव मिळालं त्याच वर्षी. आमच्या धंद्यात कोणता प्राणी जास्त घातक ठरला ते सांगायला नको.

---

अस्सल_शंकासुर

चुनेवाला काका, एक बाळबोध शंका. इतकं सगळं जपायचं तर मग घर जसं बांधलं होतं हुबेहूब तसं परत करून टाकावं ना? नवीन दगड, कोरीव खिडक्या, सगळं १६०० चं. अर्धवट झिजलेलं, ठिगळ लावलेलं का ठेवायचं?

---

चुनेवाला

हा प्रश्न त्याच गावातून सुटलाय, किंवा तिथेच पेटलाय म्हणा. मॉरिसच्या काळात इंग्लंडभर चर्चचा 'जीर्णोद्धार' चालू होता. म्हणजे नंतरच्या शतकांत चढलेलं सगळं खरवडून काढायचं, आणि मूळ कसं असेल याचा अंदाज करून नवं बसवायचं. केल्म्सकॉटजवळच्या बर्फर्डच्या चर्चमध्ये १८७६ मध्ये त्याने हे पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. तिथल्या पाद्रीबुवांशी खटका उडाला. बुवा म्हणाले म्हणे, चर्च माझं आहे, मला वाटलं तर मी इथे डोक्यावर उभा राहीन. पुढच्याच वर्षी मॉरिसने वास्तुकार फिलिप वेब आणि इतरांबरोबर प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती आजही चालू आहे. तिचं लाडकं नाव 'अँटी-स्क्रेप', म्हणजे आपल्या भाषेत खरवडविरोधी मंडळ.

तुमच्या हुबेहूब १६०० मध्ये १६६० ची बाजू पाडावी लागेल. ती चिमुकली देवळी गेबलं, टॅपेस्ट्रीचं दालन, सगळं. कुणाचं १६०० खरं धरायचं? त्यापेक्षा गळणारं कौल वेळेवर बसवा. वेब तर ठिगळ ठिगळासारखं दिसू दे म्हणायचा. भिंतीत नव्या जागी जुन्या कौलांचे तुकडे आडवे रचून दुरुस्ती करायची, म्हणजे शंभर वर्षांनी कुणालाही कळतं की हे मागाहून केलंय.

---

अस्सल_शंकासुर

पटलं. अर्धं.

---

थेम्सकाठी

अर्धं म्हणजे तुमच्या बाबतीत विक्रमच!

काका, केल्म्सकॉटचं पुढे काय झालं तेही सांगते. मॉरिस आयुष्यभर भाडेकरूच राहिला. घर विकत घेतलं त्याच्या बायकोने, जेनने, १९१३ मध्ये. त्यांची 'मे' नावाची मुलगी १९३८ मध्ये वारली, तिने ते ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिलं, आणि १९६२ मध्ये ते लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजकडे आलं. अलीकडे मोठी दुरुस्ती होऊन २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. मॉरिसची कबर गावातल्याच चर्चच्या आवारात आहे, वेबने घडवलेली. दोन्ही बाजूंना उतरता दगड. लांबून बघितलं तर छोटं छप्परच.

---

रानवारा

वाचनमात्र होतो, आता राहवलं नाही. शेतघर बघायला गेलात तर नुसतं राहतं घर बघून परतू नका, अर्धं शेतघर अंगणात असतं. धान्याची कोठी दगडी अळंब्यांवर उभी दिसेल. खाली निमुळता खांब, वर गोल टोपी. उंदीर खांबावर चढतो पण टोपीच्या कडेला उलटा लटकून पुढे जाता येत नाही. आता याच अळंब्या लोक बागेत शोभेला ठेवतात.

आणि वाट वाकडी करून ग्रेट कॉक्सवेलचं कोठार बघाच. तेराव्या शतकाच्या शेवटाचं, सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठाच्या शेतीचं. दगडी भिंती, दगडी कौलं, आत ओकचे खांब दगडी चौथऱ्यांवर उभे. मॉरिस पाहुण्यांना तिथे घेऊन जायचा आणि त्याची तुलना कॅथेड्रलशी करायचा. मी पावसात गेलो होतो. आत चिटपाखरू नव्हतं, आणि एवढ्या मोठ्या छपरावर पडणारा पाऊस आत जवळजवळ ऐकूच येत नव्हता. पत्र्याच्या गोदामात बालपण गेलेल्या माणसाला त्याचं अप्रूप विचारा.

---

गवाक्ष

त्याला कारण वजन. दगडी कौलांचं छप्पर १०० चौरस फुटांना टनाच्या आसपास भरतं. म्हणून ते तुळयांचं रान. आणि उतारही साधारण ५० अंशांचा ठेवतात, कारण कौलं खडबडीत, एकमेकांवर चपखल बसत नाहीत. उतार कमी केला तर वारा पाणी उलटं आत ढकलतो.

---

ओलसर

सहा आठवड्यांनी परत आलो. धागा वर काढल्याबद्दल माफी.

काका, तुमचं ऐकून आतला रंग खरवडला (मंडळाने माफ करावं). एका भागात तर भिंत दोन दिवस अक्षरशः वाहत होती. आता पांढरे क्षार आलेत, पण बुरशीचा वास गेला. कौन्सिलच्या संवर्धन अधिकारी बाई येऊन गेल्या. मी घाबरलो होतो, कारण लिस्टेड घरात विनापरवाना बदल हा फौजदारी गुन्हा आहे. पण बाई समजूतदार निघाल्या. म्हणाल्या, आधी एका चौरस मीटरवर नमुना करून दाखवा, ग्राइंडर लावायचा नाही, हातोडी-छिन्नीनेच सिमेंट काढायचं. चुन्याचं काम करणारा एक म्हातारा गवंडी मिळाला. त्याने भिंतीवरून नुसता हात फिरवला आणि जीभ चुकचुकवली. मग म्हणाला, आता नाही, एप्रिलमध्ये. ओला चुना गारठ्यात टिकत नाही, गोठला की भुगा होतो.

तोवर उत्तरेच्या भिंतीपासून कपाट दोन फूट पुढे ओढलंय. बायको म्हणते, मागे जो बोळ झालाय तो केल्म्सकॉटवाल्यांना देऊन टाकूया, त्यांच्याकडे नाहीये.

---

टवाळ

आणि बदल्यात त्यांच्याकडून संडासाची फळी मागून घ्या.